हृदयाची झडप आणि तिसऱ्या बाजाराचे इंजेक्शन



मागच्या पावसाळ्यात आमच्या कार्यासाठी नेमाने प्रार्थना करणाऱ्या एका भगिनीने फोनवर विचारले, “ताई, तुमच्या प्रार्थना-विषयांत दर वेळी ‘इंजेक्शनची मुले’ असतात. ही कोणती मुले? हृदयाचा आजार म्हणता, पण तो तर बैठ्या कामाच्या, तेलातुपाचे खाणाऱ्या लोकांना होतो ना?” मी तिला थोडक्यात सांगितले, पण फोन ठेवल्यावर वाटले की हे सविस्तर लिहायला हवे. ज्यांच्या दानातून या मुलांचे एसटीचे भाडे निघते, त्यांना हा आजार नीट कळला पाहिजे. मी डॉक्टर नाही. गेली काही वर्षे या मुलांना घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर बसले, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारले, थोडे वाचले. त्यातून जे समजले ते लिहिते.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते.

जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या एका पाड्यावरचे एक कुटुंब दर वर्षी सोयाबीनच्या सोंगणीला चिखलीकडे येते आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत वीटभट्टीवर राहते. त्यांची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला यायची. एकदा तिचा घसा दुखला, ताप आला, दोन-तीन दिवसांत उतरला. कोणी लक्ष दिले नाही. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा असा सुजला की पाय टेकवेना. तीन दिवसांनी तो गुडघा उतरला आणि डावा घोटा सुजला. मग मनगट. आई म्हणाली, कुठे पडली असेल. मी म्हणाले, वाढीचे वय आहे, हाडे दुखतात. मलम चोळले, तापाची गोळी दिली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पंधरवड्यात सगळे सांधे पूर्वीसारखे झाले. रविवारच्या उपासनेत आम्ही उपकारस्तुती केली.

तीन वर्षांनी तीच मुलगी पाण्याचा हंडा घेऊन येताना वाटेत तीनदा थांबताना दिसली. रात्री आडवी झाली की खोकला यायचा, मग उठून भिंतीला टेकून बसायची. एकदा थुंकीत रक्ताचा अंश दिसला, म्हणून टीबीची शंका आली. दोनदा तपासणी झाली, काही निघाले नाही. अखेर एका तरुण डॉक्टरबाईंनी तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग माझ्याकडे वळून विचारले, “हिचे सांधे कधी सुजले होते का? एक बरा झाला की दुसरा, असे?”

मला तो मलमाचा डबा आठवला.

पुढे मोठ्या दवाखान्यात इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती आणि गळतही होती. या आजाराला डॉक्टर ऱ्हुमॅटिक हृदयरोग म्हणतात. मराठीत आपण त्याला संधिवाती तापातून आलेला झडपेचा आजार म्हणू. म्हातारपणीच्या संधिवाताशी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण ‘संधिवात’ म्हटले की लोक आजीचे गुडघे डोळ्यांसमोर आणतात.

आता ही झडप म्हणजे काय? हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. रक्ताने पुढेच जावे, मागे फिरू नये, एवढेच झडपेचे काम. पण ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा करायचे असते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला माइट्रल म्हणतात. बिशपसाहेब मोठ्या उपासनेला जी उंच, दोन पाकळ्यांची टोपी घालतात तिचे नाव माइटर. या झडपेच्याही दोनच पाकळ्या असतात. तिचा आकार पाहून जुन्या शरीरशास्त्रज्ञांना ती टोपी आठवली आणि तेच नाव पडले. या आजाराचा सर्वांत जास्त मार याच झडपेला बसतो.

मुलीच्या वडिलांना मात्र मी बिशपची टोपी सांगितली नाही. त्यांना विहिरीवरच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह सांगितला. तो गळू लागला की मोटर बंद करताच पाइपातले पाणी पुन्हा विहिरीत उतरते, आणि दर वेळी पाणी भरून मोटर चालू करावी लागते. उलट तो कचऱ्याने तुंबला की मोटर नुसती घुरघुरते, तापते, आणि बांधावर धार बारीक पडते. हृदयाचेही असेच. झडप गळाली की तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावे लागते. झडप अरुंद झाली की रक्त मागे फुप्फुसात साचते आणि दम लागतो, खोकला येतो, कधी थुंकीत रक्त येते. म्हणून तर अशा रुग्णाला टीबी समजण्याची चूक होते. वडील थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हंजे मोटर चांगली हाय, वॉल खराब हाय.” यापेक्षा चांगले मला आजवर सांगता आलेले नाही.

घशापासून हृदयापर्यंत हा आजार पोहोचतो कसा, हे ऐकून प्रथम मला खरे वाटले नव्हते. घसा दुखण्याची कारणे अनेक आहेत आणि बहुतेक वेळा ते साधे सर्दीचे दुखणे असते. पण काही वेळा ते स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंमुळे असते. त्यात सहसा नाक वाहत नाही, खोकला नसतो. एकदम ताप येतो, गिळताना खूप दुखते, मानेत गाठी येतात, टॉन्सिलवर पांढरे दिसते. शरीर या जंतूंशी लढायला जी शक्ती तयार करते, ती काही मुलांत फसते. जंतूंचा एक अंश आणि आपल्या सांध्यांचा, हृदयाचा अंश तिला सारखाच वाटतो. मग घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी शरीर स्वतःवरच उलटते. हा संधिवाती ताप. सर्वांना होत नाही. साथीच्या दिवसांत उपचार न मिळालेल्या शंभर मुलांत सुमारे तिघांना होतो. वय मुख्यतः पाच ते पंधरा.

या तापातली सांधेदुखी फिरती असते. एक सांधा उतरतो, दुसरा धरतो, आणि शेवटी सगळे सांधे काही खूण न ठेवता बरे होतात. खूण राहते ती झडपेवर. पाकळ्या सुजतात, मग जाड होतात, कडेने चिकटतात, आणि हे सारे वर्षानुवर्षे आतल्या आत चालते. पुन्हा घशाला तोच संसर्ग झाला तर पुन्हा ताप, आणि झडपेवर आणखी एक घाव. पहिल्यांदा शंभरात तिघांना होणारा हा ताप एकदा होऊन गेलेल्या मुलाला पुढच्या संसर्गात पुन्हा होण्याची शक्यता निम्म्यापर्यंत जाते. म्हणून एकदा ताप येऊन गेलेला असणे, हाच पुढच्या धोक्याचा सर्वांत मोठा घटक आहे. आणि तोच आपण विसरतो, कारण दुखणे गेलेले असते.

आणखी एक लक्षण लिहिलेच पाहिजे. काही मुलांमध्ये, जास्त करून मुलींमध्ये, या तापानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हातापायांच्या नकळत हालचाली सुरू होतात. हातातला पेला पडतो, अक्षर बिघडते, चेहरा वेडावाकडा होतो, मूल विनाकारण रडते. झोपेत हे थांबते. घरचे म्हणतात, बाधा झाली. भगताकडे नेतात. आणि खरे सांगायचे तर आपल्यातही काही ठिकाणी अशा मुलीसाठी दुष्टात्मा काढण्याच्या प्रार्थना झालेल्या मी पाहिल्या आहेत. थिऑलॉजीच्या डिप्लोम्यात आम्ही शुभवर्तमानांतील चमत्कारांवर बरेच शिकलो, पण मेंदूवरच्या या सुजेबद्दल कोणी सांगितले नव्हते. माझी पाळकबंधूंना नम्र विनंती आहे, अशा मुलीसाठी प्रार्थना जरूर करा, आणि त्याच दिवशी तिच्या हृदयाची तपासणी होईल असे पाहा.

हा आजार कोणाला होतो? आदिवासींच्या रक्तातच काही आहे का, असे मला एका सभेत विचारले गेले होते. काही घराण्यांत प्रवृत्ती थोडी जास्त असू शकते, पण उत्तर रक्तात शोधण्याआधी घरात शोधावे. शंभर वर्षांपूर्वी हाच ताप इंग्लंड-अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांना सर्रास होत असे. तिथे घरे मोठी झाली, एका खोलीत झोपणाऱ्यांची संख्या कमी झाली, खाणे सुधारले, आणि पेनिसिलिन यायच्या आधीपासूनच तो ओसरू लागला. आज त्याच श्रीमंत देशांच्या पंक्तीतल्या ऑस्ट्रेलियात तो मूळ रहिवाशांमध्ये टिकून आहे, न्यूझीलंडमध्ये माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांमध्ये. देश एकच, दवाखाने तेच, पण घरे वेगळी. न्यूझीलंड सरकारने २०११ मध्ये या तापाला आळा घालण्यासाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात डॉक्टरांइतकेच काम घरे कोरडी, उबदार आणि कमी दाटीची करण्याचे होते. ऑस्ट्रेलियात तर खरूज आणि त्वचेच्या फोडांमधल्या याच जंतूंचाही या तापाशी संबंध असावा, असे तज्ज्ञ मांडत आहेत.

आता वीटभट्टीवरची खोपी डोळ्यांसमोर आणा. कच्च्या विटा रचलेल्या, वर पत्रा किंवा ताडपत्री, वाकून आत जायचे. सहा-सात माणसे एकाच गोधडीखाली. थंडीत दार म्हणून लावलेले पोते खाली सोडले की एकाचा खोकला तो सगळ्यांचा. घसा दुखला म्हणून मजुरी बुडवून पोराला दवाखान्यात कोण नेईल? आणि नेले तरी कोणत्या? इथला दवाखाना त्यांना ओळखत नाही, गावाकडचा लांब. दाटी, अपुरे खाणे, दवाखान्याचे अंतर आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा मुक्काम, हे या आजाराचे खरे धोक्याचे घटक आहेत. आमच्या वर्गाच्या निवासी शिबिरातही मुलांची अंथरुणे एकमेकांना चिकटून असायची. आता दोन अंथरुणांत हातभर अंतर ठेवतो आणि कोणाचा घसा दुखला तर त्याच दिवशी विचारपूस होते. छोटी गोष्ट आहे, पण आमच्या हातातली आहे.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तरी हा ताप टळू शकतो. डॉक्टर एकच पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात किंवा दहा दिवसांच्या गोळ्या. गोळ्या असल्या तर दहाही दिवस घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या धाकट्यासाठी डब्यात ठेवायच्या नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण असे डबे पाड्यांवरच नव्हे, तर आपल्या शहरी घरांतही पाहिले आहेत.

झडपेचे आजार इतरही असतात, ते थोडक्यात सांगते. काहींची हृदयातून शरीराकडे जाणारी झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते. ती लवकर झिजते. साठीच्या पुढे झडपेवर चुना साचून ती कडक होते. तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि किडनीचा आजार असेल तर हा धोका वाढतो. किडलेल्या दातांतून जंतू रक्तात जाऊन आधीच खराब झडपेवर बसू शकतात, म्हणून झडपेच्या रुग्णाने दात सांभाळले पाहिजेत आणि दात काढण्याआधी आपल्या आजाराबद्दल दंतवैद्याला सांगितले पाहिजे. हे आजार आपल्या मंडळीतल्या ज्येष्ठांना होऊ शकतात. जिना चढताना दम, छातीत दुखणे, चक्कर अशी लक्षणे वयाच्या नावावर खपवू नका. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साडेपाच कोटी लोक ज्या संधिवाती हृदयरोगासह जगत आहेत, तो बालपणात सुरू होतो, आणि तो टाळता येतो. २०१८ साली जागतिक आरोग्य परिषदेने त्यावर स्वतंत्र ठराव केला, तोही याच कारणाने.

तो टाळण्याचे साधन जुनेच आहे. बेंझाथिन पेनिसिलिन हे इंजेक्शन कमरेत घेतले की त्याचे औषध तीन-चार आठवडे हळूहळू रक्तात उतरत राहते आणि घशात त्या जंतूंना थारा मिळत नाही. ज्याला ताप येऊन गेला त्याला आपल्याकडे साधारणपणे दर एकवीस दिवसांनी ते देतात. हृदयाला धक्का लागला नसेल तर किमान पाच वर्षे, लागला असेल तर किमान दहा वर्षे किंवा पंचविशीपर्यंत, आणि झडप फारच खराब असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. किती काळ ते डॉक्टर ठरवतात. पेनिसिलिनचे आपल्या महाराष्ट्राशीही नाते आहे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला, तो पेनिसिलिन देशातच बनावे म्हणूनच.

या साध्या इंजेक्शनचा उपयोग किती, हे युगांडात झालेल्या एका अभ्यासातून दिसले. शाळांतून तपासून ज्यांच्या झडपेवर आजाराची नुकती सुरुवात दिसली अशी ८१८ मुले घेतली. निम्म्यांना दर महिन्याला इंजेक्शन दिले, निम्म्यांवर नुसती देखरेख ठेवली. दोन वर्षांनी पुन्हा इको केला. देखरेखीखालच्या मुलांत शंभरामागे आठांचा आजार वाढला होता. इंजेक्शन घेतलेल्यांत शंभरामागे एकाचाही नाही. हा अहवाल प्रसिद्ध झाला तो दिवस मला आठवतो, कारण त्याच आठवड्यात आमच्या मुलीने दोन इंजेक्शने चुकवली होती.

तिचे कुटुंब तेव्हा कापूस वेचायला बऱ्हाणपूरकडे गेले होते. फोन लागत नव्हता. परत आले तेव्हा पोरीला पुन्हा ताप आणि गुडघा सुजलेला. आई माझ्यावरच रागावली, “ताई, पोरगी तं चांगली झाली होती, मंग सुई कायले टोचता दर खेपेले? सुई घेऊनबी ताप आलाच ना.” तिचा राग मला समजत होता. आजारी माणसाला औषध देणे सोपे असते. जी मुलगी धावते आहे, हसते आहे, तिला दर एकवीस दिवसांनी दुखणारी सुई का टोचायची, हे सांगणे अवघड. मला त्या वेळी अरामी सेनापती नामानाची गोष्ट आठवली. कुष्ठरोगी नामानाला वाटले होते की अलीशा संदेष्टा काहीतरी मोठे करील. त्याला सांगितले काय, तर नदीत सात वेळा बुडी मार. तो रागावून परत निघाला होता. त्याच्या चाकरांनी समजूत घातली म्हणून तो नदीत उतरला. मी नेहमी या गोष्टीत अलीशाकडे पाहत आले होते. आता चाकरांकडे पाहते. आमचे काम ते चाकरांचे आहे. आणि नामानाला सात बुड्या होत्या, या मुलीला दोनशेच्या घरात सुया आहेत.

‘एकवीस दिवस’ हा हिशेब पाड्यावर चालत नाही, हेही मला उशिरा कळले. तारखा कोणी लक्षात ठेवत नाही. पण आठवडी बाजार सगळ्यांना पाठ असतो. ‘दर तिसऱ्या बाजाराला सुई’ हे आईनेच एकदा बोलता बोलता म्हटले आणि आम्ही तेच धरले. आता कार्डावर तारखांसोबत बाजाराच्या खुणा आहेत. दोन बाजार मोकळे, तिसऱ्यावर लाल टिकली.

सुईबद्दलच्या भीतीचेही बोलायला हवे. पेनिसिलिनची रिअॅक्शन येते म्हणून काही खाजगी दवाखाने हे इंजेक्शन द्यायला तयार नसतात. गंभीर रिअॅक्शन येऊ शकते हे खरे, पण ती फार क्वचित येते. म्हणून आधी विचारपूस करून, जिथे रीत आहे तिथे चाचणी करून, आणि रिअॅक्शन आलीच तर द्यायचे औषध हाताशी ठेवून ते सरकारी किंवा मोठ्या दवाखान्यात घ्यावे, नंतर अर्धा तास तिथेच बसावे. उपाशीपोटी जाऊ नये, पाणी पिऊन जावे. ज्यांची झडप अतिशय खराब आहे आणि हृदय थकले आहे, त्यांना इंजेक्शनऐवजी रोजच्या गोळ्या द्यायच्या का, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. आणि सुई दुखते, हे मुलांजवळ मान्य करावे. “काही नाही होत” असे म्हटले की पुढच्या वेळी मूल येत नाही. आमच्याकडे सुईनंतर अर्धा तास बसण्याच्या वेळात कॅरम असतो. त्या अर्ध्या तासासाठी एक मुलगा मुद्दाम आठवण करून देतो, “ताई, तिसरा बाजार आला.”

मुलींच्या बाबतीत या आजाराला आणखी एक पदर आहे. अरुंद झडप घेऊन मुलगी शाळा शिकते, कामे करते, आणि कोणाला काही कळत नाही. मग लग्न होते, दिवस राहतात. गर्भारपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. तेवढे रक्त अरुंद झडपेतून जाऊ शकत नाही. सातव्या महिन्याच्या सुमारास दम लागू लागतो, पाय सुजतात, आणि घरचे म्हणतात, बाळंतपण जवळ आले की असेच होते. काही मुलींचा आजार अशा वेळी, उलट्या श्वासात, प्रथम उघडकीस येतो. काहींचे हृदय अनियमित धडधडू लागून त्यात गुठळी तयार होते आणि ऐन तिशीत अर्धांगवायू होतो. म्हणून झडपेचा आजार असलेल्या मुलीने लग्नाआधी आणि दिवस राहण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. बहुतेक जणींना योग्य उपचारानंतर सुखरूप मातृत्व मिळू शकते. पण घरचे लपवतात. “लग्न मोडेल” ही भीती पाड्यावर आहे तशी आपल्या मंडळीतही आहे. पाळकसाहेब लग्नाआधी वधूवरांशी बोलतात, तेव्हा आरोग्याचा विषयही मोकळेपणाने निघाला तर एखादी मुलगी सासरी गोळ्या लपवून ठेवणार नाही.

झडप फार अरुंद झाली आणि पाकळ्या अजून लवचीक असल्या तर शस्त्रक्रियेशिवाय, मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्याने ती उघडता येते. ही पद्धत जपानच्या डॉ. कांजी इनोए यांनी १९८०च्या दशकात आणली. ते शक्य नसेल तर छाती उघडून झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात. बदललेली झडप धातूची असेल तर जन्मभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी आली. जनावराच्या पेशींपासून बनवलेली असेल तर ती गोळी सहसा कायमची लागत नाही, पण काही वर्षांनी झडप पुन्हा बदलावी लागते. परदेशी झडपा गरिबांना परवडत नाहीत हे पाहून डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने भारतीय झडप तयार केली. १९९० च्या डिसेंबरमध्ये ती पहिल्या रुग्णाला बसवली गेली. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झडपेची शस्त्रक्रिया आणि फुग्याचा उपचार योजनेतील रुग्णालयांत विनामूल्य होऊ शकतो. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. त्याला रेशन कार्ड आणि आधार दाखवायचे. आमच्या लोकांचे अडते ते पैशांवर कमी आणि कागदांवर जास्त. नाव एका कार्डावर, आडनाव दुसऱ्यावर वेगळे. त्यासाठी आम्ही कागद आजाराआधीच नीट करून ठेवायला लागलो आहोत.

एक गोष्ट आपल्यापैकी शिक्षक असलेल्यांसाठी. २०१३ च्या फेब्रुवारीत, पालघरच्या आदिवासी भागातून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्यात शाळेत येणारे वैद्यकीय पथक ज्या आजारांसाठी मुलांना तपासते, त्यांत हा झडपेचा आजारही आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. पण नेमके त्या दिवशी आमची मुले भट्टीवर असतात. शिक्षकांनी अशा गैरहजर मुलांची यादी पथकाला दिली, तर त्यांची तपासणी पुढे तरी होऊ शकते. आमच्या भागातल्या एका गुरुजींनी ती यादी वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली आहे.

आमची मुलगी आता अकरावीत आहे. झडप आहे तशी आहे, दर वर्षी इको होतो, शस्त्रक्रिया अजून लागलेली नाही. हंडा ती अर्धाच भरते, यावर आईशी भांडण चालू असते. लहान मुलांच्या कार्डांवर लाल टिकल्या आता तीच लावते, आणि कोणी चुकले तर माझ्याआधी तिला कळते.

दिवाळीनंतर ही कुटुंबे पुन्हा पांगतील. कोणी वीटभट्टीवर, कोणी ऊसतोडीला, कोणी बऱ्हाणपूरकडे. या वर्षी प्रत्येक मुलाचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या गळ्यातल्या बटव्यात देत आहोत. पिवळ्या रंगाचे, घडीचे कार्ड आहे, वर मराठीत आणि हिंदीत लिहिलेले: ‘या मुलाला हृदयासाठी पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू आहे.’ आत इंजेक्शनचे नाव, मात्रा, शेवटची तारीख आणि पुढचा तिसरा बाजार. आपल्या गावाजवळ भट्टी किंवा तोडीच्या खोपी असतील, आणि नाताळच्या गाण्याची फेरी तिकडे गेली असता कोणा आईने असे कार्ड काढून दाखवले, तर तारीख पाहा आणि त्या मुलाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. इंजेक्शन झाले की कार्डावर तारीख लिहायला सांगा. लाल पेन पिशवीतच आहे.